रांगेचा क्रम आणि चाचणीची कसोटी

संगणकाच्या पडद्यावर दाबलेली प्रत्येक कळ आणि माऊसची प्रत्येक टिचकी आधी एका अदृश्य रांगेत उभी राहते आणि आपली पाळी आल्यावरच आज्ञावलीपर्यंत पोहोचते. या रांगेचा क्रम बिघडला, तर पडद्यावर एक दिसते आणि नोंद दुसरीच होते. ही चूक पकडण्यासाठी केल्या जाणाऱ्या स्वयंचलित चाचण्या बऱ्याचदा या रांगेला वळसा घालूनच पुढे जातात. घटनारांग म्हणजे काय, तिचे नियम कोणते आणि तिची कसोटी कशी घ्यावी, याचा हा परिचय.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात विंचूर येथे लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार आहे. कांद्याच्या हंगामात तेथे ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप गाड्यांच्या रांगा लागतात. व्यापारी या रांगेतून पुढे सरकत जातात, प्रत्येक वाहनापाशी बोली होते, भाव ठरतो आणि मगच सगळे पुढच्या वाहनाकडे वळतात. त्यानंतर माल काट्यावर जातो, वजन होते आणि अखेर व्यापाऱ्याच्या खळ्यावर तो उतरवला जातो. या व्यवहारात भावाइतकेच महत्त्व क्रमालाही आहे. कोणत्या वाहनाला कोणता भाव मिळाला आणि कोणत्या वजनाला तो लागू झाला, ही जुळणी चुकली, तर बोली कितीही चोख झाली असली तरी शेतकऱ्याच्या हाती पडणारी हिशेबपट्टी चुकीची ठरते.

संगणकाच्या खिडक्या, चौकटी आणि बटणे यांच्याआड अगदी अशीच एक रांग असते. तिला 'इव्हेंट क्यू' म्हणजे घटनारांग म्हणतात.

घटनारांग म्हणजे काय?

पूर्वीच्या आज्ञावल्या वापरकर्त्याला एकामागून एक प्रश्न विचारत आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहत. चित्रमय पडद्यावर हा संबंध उलटला. वापरकर्ता केव्हा कोणते बटण दाबेल, खिडकी केव्हा लहान करील किंवा मध्येच दुसऱ्या चौकटीत केव्हा लिहू लागेल, हे आज्ञावलीला आधी ठाऊक नसते. म्हणून घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची एक छोटी नोंद केली जाते. 'अमुक कळ दाबली', 'ती सोडली', 'माऊस येथे हलला', 'खिडकीचा हा भाग पुन्हा रंगवायचा आहे' अशा या नोंदी म्हणजे घटना. त्या रांगेत उभ्या राहतात आणि एक अखंड फिरणारे चक्र रांगेच्या तोंडाशी असलेली घटना उचलून संबंधित चौकटीच्या स्वाधीन करते. तिचे काम संपले की पुढची घटना उचलली जाते. हेच 'इव्हेंट लूप' किंवा घटनाचक्र.

खिडक्या, बटणे, याद्या यांचे तयार सुटे भाग आणि हे चक्र आज्ञावलीकाराला एकत्रितपणे पुरवणाऱ्या संचाला टूलकिट म्हणतात. जॉन ऑस्टरहाउट यांनी अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विकसित केलेले 'टीके', नॉर्वेत जन्मलेले 'क्यूटी', लिनक्सच्या जगात रुजलेले 'जीटीके' आणि जावा भाषेसोबत येणारे 'एडब्ल्यूटी' व 'स्विंग' ही त्यांतील परिचित नावे. यांपैकी बहुतेकांचा पाया एकच आहे. पडद्याशी संबंधित सर्व काम एकाच धाग्याने, म्हणजे एकाच 'थ्रेड'ने, एका वेळी एक घटना घेऊन करायचे. एकाच वाहनाची बोली एका वेळी चालावी, तशीच ही शिस्त होय.

ही शिस्त नसली तर काय होते, याचा अनुभव विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत लाखो लोकांनी घेतला. विंडोज ३.१ पर्यंत कळा आणि माऊस यांच्या घटनांसाठी सर्व आज्ञावल्यांत मिळून एकच सामायिक रांग होती. एखादी आज्ञावली आपल्या कामात अडकली की बाकीच्या सगळ्या खोळंबत. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीमध्ये प्रत्येक धाग्याला स्वतंत्र रांग मिळाली आणि एकाच्या अडण्याने साऱ्यांनी अडण्याचा प्रकार कमी झाला.

नियम एक, अपवाद अनेक

'जो आधी आला, त्याचे काम आधी' हा रांगेचा मूळ नियम. परंतु कोणतेही टूलकिट तो अक्षरशः पाळत नाही आणि चाचण्यांच्या अडचणी येथूनच सुरू होतात.

पहिला अपवाद रंगकामाचा. पडद्यावर एखादा आकडा शंभर वेळा बदलला, तर शंभर वेळा रंगवण्यात अर्थ नसतो. म्हणून पुन्हा रंगवण्याच्या मागण्या एकत्र करून एकदाच पुऱ्या केल्या जातात. विंडोजमध्ये रंगवण्याचा संदेश रांगेत इतर काही शिल्लक नसेल तेव्हाच दिला जातो. वेळ झाल्याची सूचना देणारा टायमरचा संदेशही असाच मागे राहतो. माऊसच्या हालचालींच्या लागोपाठच्या घटनाही अनेक टूलकिटे एकत्र करतात.

दुसरा अपवाद थेट प्रवेशाचा. विंडोजमध्ये संदेश 'पोस्ट' केला तर तो रांगेत उभा राहतो, पण 'सेंड' केला तर रांग ओलांडून थेट पोहोचतो आणि त्याचे काम होईपर्यंत पाठवणारा थांबतो. क्यूटीमध्येही असाच भेद आहे. शिवाय तेथे रांगेत टाकलेल्या घटनेला अग्रक्रम देता येतो.

तिसरा अपवाद रिकाम्या वेळेतील कामांचा. टीकेमध्ये मांडणी ठरवणे व रंगवणे ही कामे 'फुरसतीची' मानली जातात. ती तत्काळ उरकून घेण्यासाठी एक आज्ञा आहे, तर रांगेतील सर्वच घटना निपटण्यासाठी दुसरी. दुसरी आज्ञा निष्काळजीपणे वापरली, तर एक काम अर्धवट असतानाच वापरकर्त्याची पुढची टिचकी आत शिरते आणि तेच काम दुसऱ्यांदा सुरू होते.

चौथा अपवाद चक्रातील चक्राचा. 'खात्री आहे का?' असे विचारणारी चौकट उघडली की बहुधा तिचे स्वतःचे घटनाचक्र फिरू लागते. बाहेरचे काम मध्येच थबकलेले असते, पण टायमर आणि इतर घटना मात्र चालूच राहतात. उत्तर देऊन बाहेर यावे, तोवर मूळ नोंद बदललेली असू शकते.

थोडक्यात, घटना ज्या क्रमाने घडल्या, रांगेत ज्या क्रमाने लागल्या आणि ज्या क्रमाने हाताळल्या गेल्या, ते तिन्ही क्रम वेगवेगळे असू शकतात. वापरकर्त्याला फक्त पहिला दिसतो. हिशेब मात्र तिसऱ्यावर होतो.

एका सौद्याचे उदाहरण

हा भेद व्यवहारात कसा बाधतो, हे समजण्यासाठी एका काल्पनिक आज्ञावलीचे उदाहरण घेऊ. विंचूरसारख्या आवारात सौद्यांची नोंद करण्यासाठी ती केली आहे, असे मानू. पडद्यावर गाव, वाहन क्रमांक, वजन आणि क्विंटलचा भाव अशा चार चौकटी आणि 'नोंदवा' हे बटण आहे. लागोपाठच्या वाहनांचे भाव जवळपास असतात, म्हणून आज्ञावली मागील भाव चौकटीत तसाच ठेवते. लिपिकाने तो हवा तेव्हा बदलायचा.

चौकटीत लिहिलेला आकडा आज्ञावलीच्या नोंदीत केव्हा उतरतो? अनेक आज्ञावल्यांत लिपिक त्या चौकटीतून बाहेर पडला की उतरतो. लिपिकाने माऊसने 'नोंदवा' दाबले, तर आधी भावाची चौकट लक्ष गमावते आणि आकडा नोंदीत जातो. मग बटण दाबल्याची घटना येते आणि नोंद जतन होते. सारे ठीक. पण रांग मोठी असताना सराईत लिपिक माऊसला हात लावत नाही. तो आकडा लिहितो आणि थेट एंटर किंवा ठरलेली जोडकळ दाबतो. या वेळी लक्ष भावाच्या चौकटीतच राहते. 'चौकट सोडली' ही घटना घडतच नाही. पडद्यावर नवा भाव दिसत असतो, जतन होतो तो जुना.

आधीच्या वाहनाचा भाव क्विंटलला १,४०० रुपये आणि या वाहनाचा १,६५० रुपये असेल व माल २४ क्विंटल भरला असेल, तर पट्टीत ६,००० रुपयांचा फरक पडतो. लिपिकाने नवा भाव डोळ्यांनी पाहिलेला असतो, म्हणून तो शपथेवर सांगेल की आपण बरोबरच लिहिले. माऊस वापरून पुन्हा करून पाहिले, तर चूक दिसतही नाही.

आता चाचणीकडे पाहू. या पडद्यासाठी लिहिलेली स्वयंचलित चाचणी बहुधा असे करते: भावाच्या चौकटीत १,६५० हा मजकूर थेट भरते, बटणाला 'तुला दाबले आहे' असे थेट सांगते आणि निकाल तपासते. स्विंगमध्ये बटणाला असे सांगण्याची तयार सोय आहे. अशी चाचणी लिहिणाऱ्याने चौकट सोडल्याची सूचनाही हातानेच दिलेली असली, तर ती हजार वेळा चालवली तरी हजार वेळा उत्तीर्ण होते. कारण तिने एकही खरी कळ दाबलेली नसते आणि रांगेतून एकही घटना गेलेली नसते. चाचणी आज्ञावलीची झाली. आज्ञावली आणि माणूस यांच्यामधल्या रांगेची झालीच नाही.

आठ सेकंदांची किंमत

काल्पनिक उदाहरणात सहा हजार रुपये पणाला लागले. प्रत्यक्षात असाच दोष माणसांच्या जिवावर बेतल्याची नोंद इतिहासात आहे. 'थेराक-२५' हे कर्करोगावरील किरणोपचाराचे यंत्र कॅनडातील 'अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड' या संस्थेने तयार केले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांतून सहा रुग्णांना मर्यादेच्या कितीतरी पट मात्रा मिळाल्याचे नोंदले गेले. त्यांतील दोन घटना १९८६ च्या मार्च व एप्रिलमध्ये अमेरिकेत टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात घडल्या. ते दोन्ही रुग्ण पुढे दगावले.

टायलर येथे काय घडले? यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाने इलेक्ट्रॉन उपचाराऐवजी चुकून क्ष-किरणांचे अक्षर टंकले. चूक लक्षात येताच कर्सर वर नेऊन ती दुरुस्त केली आणि उरलेली माहिती सरावाने झरझर पुढे नेली. पडद्यावर सारे बरोबर दिसत होते. परंतु यंत्रातील चुंबके जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या एका भागाला कळतच नसे. पडदा एक सांगत होता, यंत्र दुसरेच करत होते. आधीच्या थेराक-२० यंत्रातही हा दोष होता. तेथे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अटकावांमुळे तो निष्प्रभ ठरत असे. नव्या यंत्रात हे काम आज्ञावलीवरच सोपवण्यात आले होते.

चाचणीच्या दृष्टीने यापुढचा भाग अधिक बोधक आहे. उत्पादकांना हा दोष प्रारंभी पुन्हा घडवून दाखवता आला नाही. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि ती तंत्रज्ञ यांनी तीच माहिती वारंवार भरून पाहिली, तेव्हा दुरुस्तीचा वेग पुरेसा असला तरच दोष प्रकट होतो, हे उघडकीस आले. सावकाश टंकणाऱ्या परीक्षकाला तो कधीच दिसला नसता. कळा त्याच, त्यांचा क्रमही तोच. फरक होता तो दोन घटनांमधल्या अंतराचा.

रांग तुंबल्यावर काय होते, याचे उदाहरण १४ ऑगस्ट २००३ रोजी दिसले. त्या दिवशी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडातील ओन्टारिओ प्रांत येथील सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. ओहायोतील वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याच्या सूचना दाखवणारी संगणक प्रक्रिया दुपारी सव्वादोनच्या सुमारास निकामी झाली होती. एकाच माहितीवर दोन प्रक्रियांनी एकाच वेळी लिहिल्याने ती अडकली, न हाताळलेल्या घटना साठत गेल्या आणि पुढे मुख्य व पर्यायी असे दोन्ही सर्व्हर बंद पडले. वाहिन्या एकामागून एक बाद होत असताना पडदा शांत होता, म्हणून कर्मचारीही निश्चिंत होते. प्रदीर्घ वापरात न दिसलेला हा दोष पुन्हा घडवून शोधून काढायला तज्ज्ञांना अनेक आठवडे लागले.

चाचणीच्या तीन पातळ्या

पडद्याची स्वयंचलित चाचणी तीन पातळ्यांवर होते आणि प्रत्येकीचा उपयोग वेगळा आहे.

पहिल्या पातळीवर चाचणी थेट बटणामागील कार्याला हाक मारते. ती वेगवान असते, दर वेळी एकच निकाल देते आणि हिशेबाची सूत्रे तपासायला उत्तम आहे. मात्र रांगेबद्दल ती काहीही सांगत नाही.

दुसऱ्या पातळीवर चाचणी कृत्रिम घटना तयार करून टूलकिटच्या स्वाधीन करते. येथे ती घटना कोठे ठेवायची, हा प्रश्न येतो. टीकेमध्ये याची उत्तरे स्पष्ट दिलेली आहेत. घटना तत्काळ हाताळावी, रांगेच्या शेवटी लावावी, आरंभी लावावी, किंवा आरंभी पण आधी खूण करून ठेवलेल्या घटनांच्या मागे लावावी, असे चार पर्याय आहेत. काहीच सांगितले नाही, तर ती तत्काळ हाताळली जाते. हे न जाणता लिहिलेल्या चाचणीत कृत्रिम कळ आधीच रांगेत असलेल्या घटनांच्या पुढे जाते आणि माणसाकडून कधीच घडणार नाही असा क्रम तयार होतो. मग चाचणी नसलेला दोष दाखवते किंवा असलेला झाकते.

तिसऱ्या पातळीवर चाचणी कळफलक आणि माऊस यांचेच सोंग घेते. जावामध्ये २००० साली आलेल्या १.३ आवृत्तीत यासाठी 'रोबो' नावाची सोय देण्यात आली. लिनक्स व युनिक्सवरील एक्स विंडो प्रणालीत चाचणीसाठी वेगळा विस्तार आहे. या मार्गाने आलेल्या घटना खऱ्या घटनांच्याच वाटेने रांगेत लागतात. त्यामुळे वरील उदाहरणातील भावाची चूक येथेच पकडली जाऊ शकते. मोबदल्यात ही चाचणी संथ असते आणि मध्येच दुसरी खिडकी वर आली तर कळा भलत्याच ठिकाणी जातात.

पहिल्या पातळीच्या चाचण्या पुष्कळ, दुसरीच्या आवश्यक तेवढ्या आणि तिसरीच्या मोजक्या पण नेमक्या ठिकाणी, ही वाटणी व्यवहार्य ठरते. पैसा, औषध किंवा कायदेशीर नोंद ज्या बटणावर ठरते, ते बटण मात्र तिसऱ्या पातळीवर तपासलेच पाहिजे.

थांबायचे किती?

चाचणीने बटण दाबले, आता निकाल केव्हा पाहायचा? लगेच पाहिला तर काम झालेले नसते. म्हणून 'दोन सेकंद थांब आणि मग पाहा' अशी ओळ लिहिली जाते. आज्ञावलीकाराच्या वेगवान संगणकावर ती पुरते. भार असलेल्या यंत्रावर मात्र काम पूर्ण व्हायला तीन सेकंद लागतात आणि चाचणी नापास होते. मग दोनाचे पाच, पाचाचे दहा सेकंद केले जातात. शेकडो चाचण्यांत हे साठत जाऊन तास खर्ची पडतात आणि तरीही भरवसा येत नाही. आज उत्तीर्ण, उद्या नापास, परवा पुन्हा उत्तीर्ण होणाऱ्या अशा चाचण्यांना परीक्षकांच्या बोलीत 'फ्लेकी' म्हणतात. मराठीत त्यांना बेभरवशाच्या चाचण्या म्हणता येईल.

हा प्रश्न किरकोळ नाही. गुगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार त्यांच्याकडील चाचण्यांच्या सुमारे १.५ टक्के फेऱ्यांचा निकाल बेभरवशाचा असे आणि सुमारे १६ टक्के चाचण्यांत या दोषाचा काही ना काही अंश होता. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाची प्रतिष्ठानच्या प्रकल्पांतील अशा दुरुस्त्यांचा अभ्यास केला. वर्गवारी करता आलेल्या दुरुस्त्यांपैकी सुमारे ४५ टक्क्यांच्या मुळाशी एकच कारण आढळले: काम पूर्ण होण्याची योग्य प्रकारे वाट न पाहणे.

यावरचा उपाय म्हणजे घड्याळाकडे न पाहता स्थितीकडे पाहणे. क्यूटीच्या चाचणी संचात अपेक्षित मूल्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासणारी सोय आहे. मूल्य आले की ती तत्काळ पुढे जाते आणि ठरलेल्या मुदतीत, सामान्यतः पाच सेकंदांत, ते आले नाही तरच नापास ठरवते. मधल्या काळात ती घटनाचक्र फिरते ठेवते, हे विशेष. चाचणी नुसतीच झोपून राहिली, तर ज्या धाग्याने रांग पुढे न्यायची, तोच अडून बसतो. जावाच्या रोबोमध्ये रांग रिकामी होईपर्यंत थांबण्याची सोय आहे.

तथापि रांग रिकामी होणे म्हणजे काम संपणे नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नोंद सर्व्हरकडे गेली असेल आणि उत्तर यायचे असेल, टायमरची वेळ व्हायची असेल किंवा दुसरा धागा हिशेब करत असेल, तर त्या क्षणी रांग रिकामीच दिसेल. आवारातील शेवटच्या ट्रॉलीची बोली झाली म्हणजे शेवटच्या शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडली, असे होत नाही. म्हणून 'रांग रिकामी झाली का?' यापेक्षा 'पट्टी निघाली का आणि तिच्यावर कोणता भाव आहे?' हा प्रश्न चाचणीने विचारावा.

'विंचूर' हा शब्द टंकताना

मराठीसाठी या विषयाला आणखी एक पदर आहे. 'विंचूर' या शब्दात वाचकाला विं, चू, र अशी तीन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये मात्र तो सहा चिन्हांचा आहे: व, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, च, दीर्घ उकार आणि र. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये स्वीकारलेल्या आणि पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात समाविष्ट झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी सहा कळा लागतात. प्रत्येक कळ दाबणे आणि सोडणे मिळून बारा घटना रांगेत येतात.

ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना 'व'च्या आधी दिसते, पण साठवली जाते 'व'नंतर. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ती आधी उमटवावी लागे; त्या सवयीच्या कळफलकांवर संगणकाला कळांचा क्रम उलटवून साठवावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये उच्चाराचा क्रम पाळला जातो. दोन्ही मार्गांनी अखेरीस त्याच सहा चिन्हांची तीच मालिका तयार झाली पाहिजे. अनुस्वार वेलांटीच्या आधी पडला, तर अक्षराऐवजी ठिपक्यांचे वर्तुळ दिसू शकते. गावाच्या नावाने शोध घेतल्यास ती नोंद सापडत नाही आणि शेतकऱ्याला आपलेच गाव यादीत नसल्याचे ऐकावे लागते.

हा क्रम बिघडण्याला वाव आहे. लिनक्सवर भारतीय लिप्यांसाठी वापरली जाणारी 'आयबस' ही लेखनव्यवस्था स्वतंत्र प्रक्रिया म्हणून चालते. दाबलेल्या कळेची वार्ता तिच्याकडे जाते आणि तयार चिन्ह परत येते. तोवर पुढची कळ दाबलेली असू शकते. परत येणारी उत्तरे आणि थेट येणाऱ्या कळा यांचा क्रम राखणे ही टूलकिटची जबाबदारी ठरते. इंग्रजीतील अक्षरे थेट चौकटीत भरणारी चाचणी या वाटेने जातच नाही. 'नाशिक', 'विंचूर', 'निफाड' ही नावे खऱ्या कळांनी, सावकाश आणि सराईताच्या वेगानेही टंकून पाहिल्याशिवाय मराठीसाठीची आज्ञावली तपासली असे म्हणता येणार नाही.

चांगल्या चाचणीची लक्षणे

वरील विवेचनातून काही सूत्रे हाती येतात. महत्त्वाची नोंद माऊस आणि कळफलक अशा दोन्ही वाटांनी तपासावी. घटनांमधील अंतर बदलून पाहावे. माणूस टंकतो त्याहून जलद आणि त्याहून संथ अशा दोन्ही गतींनी चाचणी चालवावी. एकच बटण लागोपाठ दोनदा दाबून पाहावे. 'खात्री आहे का?' ही चौकट उघडी असताना नवी माहिती आली तर काय होते, ते तपासावे. टायमरवर अवलंबून असलेल्या कामांसाठी खऱ्या घड्याळाऐवजी चाचणीच्या ताब्यातील घड्याळ वापरावे, म्हणजे दहा मिनिटांची मुदत क्षणात पुढे नेता येते आणि निकाल दर वेळी सारखा येतो. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. जतन झालेली नोंद आणि छापलेली पट्टी पाहावी.

आणि एखादी चाचणी अधूनमधून नापास होत असेल, तर 'पुन्हा चालवली की होते उत्तीर्ण' म्हणून ती सोडून देऊ नये. थेराक-२५ वरील दोषही अधूनमधूनच प्रकट होत होता. बेभरवशाची चाचणी कधी स्वतः सदोष असते, तर कधी आज्ञावलीतील क्रमाचा खरा दोष दाखवणारी ती एकमेव साक्षीदार असते. यांपैकी कोणती शक्यता खरी, हे शोधल्यावाचून तिला गप्प करणे म्हणजे तक्रार घेऊन आलेल्याला दारातूनच परत पाठवणे होय.

संगणकाच्या पडद्याआडची रांग कोणाला दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रारही कोणी करत नाही. तक्रार येते ती चुकीच्या पट्टीची, न सापडणाऱ्या नावाची किंवा भलत्या मात्रेची. चूक कोणाची, हा वाद अशा वेळी पडद्यासमोर बसलेल्या माणसावर येऊन थांबतो आणि त्याने डोळ्यांनी पाहिलेले खरे मानायचे की संगणकाने जतन केलेले, असा पेच उभा राहतो. तो टाळायचा असेल, तर माणूस ज्या रांगेतून जातो, त्याच रांगेतून चाचणीलाही जावे लागेल.